शिडीपाशी आठ जोड

रुचिका : पुन्हा पालथ्या! आईसाहेब, सकाळी बँकेत जाताना मी हेमेंद्रच्या चपला सरळ करून गेले होते. आता येऊन बघते तर दोन्ही पालथ्या.

विजयाबाई : कर सरळ आणि ये आत. चहा ठेवलाय.

रुचिका : रोजचंच झालंय हे. बाबासाहेबांना वाकता येत नाही, कामवाली अकरालाच जाते. मग उरलं कोण? तुम्हीच ना?

विजयाबाई : मी? अगं, पालथी चप्पल दिसली की मी देवळाबाहेर परक्याचीसुद्धा सरळ करते. तुझ्या लग्नात अर्ध्या वऱ्हाडाच्या सरळ केल्या होत्या. हेमेंद्र बोहल्यावरून बघून खो-खो हसत होता. आणि मी पालथ्या करीन?

रुचिका : मग उचलून आत ठेवू या ना. आठ महिने झाले. शेजारच्या सुलोचनाबाई परवा विचारत होत्या, मुलगा समुद्रात गेला, सापडला नाही, आणि चपला अजून दारात कशा म्हणून.

विजयाबाई : सुलोचनाबाईंना म्हणावं, घर त्याचं आहे. चपला दारातच राहतील.

रुचिका : ठीक आहे, ऐसे ही सही. हे बघा, केल्या सरळ. आता जरा माझं ऐका. वकीलसाहेबांचा फोन होता. पाच वाजता ते सगळे कागद क्रोएशियाला पाठवतायत. माझी सही झाली, बाबासाहेबांची झाली, बोटीवर सोबत असलेल्या हेमेंद्रच्या चारही दोस्तांची झाली. फक्त तुमची अटकलीय.

विजयाबाई : वाच एकदा.

रुचिका : कितीदा वाचू? बरं. “यॉट सुरू करण्यापूर्वी कॅप्टनने शिडीपाशी ठेवलेल्या चपला पाहिल्या नाहीत. त्या वेळी डेकवर मी एकटीच जागी होते आणि हे मी स्वतः पाहिलं आहे.” बस्स, इतकंच.

विजयाबाई : आणि हे पाठवलं की त्या कॅप्टन पोराचं काय होणार?

रुचिका : लायसन्स जाईल. जेलही होईल. व्हायलाच पाहिजे.

विजयाबाई : तो काय म्हणतो?

रुचिका : वही रट. आठही जोड सरळ होते म्हणतो. साफ झूठ! मी डोळ्यांनी पाहिलंय, जेवणानंतर हेमेंद्रने चपला पालथ्या केल्या, शिडीवरून मला हात केला आणि पाण्यात उतरला. मग मी बोट लागू नये म्हणून गोळी घेतली आणि केबिनमध्ये जाऊन झोपले. ती गोळी नसती घेतली ना, आईसाहेब... छोड़ो.

विजयाबाई : नियम आठवतो तुला? पहिल्या दिवशी सांगितलेला?

रुचिका : कसा विसरेन? बोटीच्या लाकडाला ओरखडे नकोत म्हणून सगळे अनवाणी. सगळ्यांच्या चपला शिडीपाशी रांगेत. जो पाण्यात जाईल त्याने आपला जोड पालथा करायचा, वर आला की सरळ. म्हणजे एक नजर टाकली की कॅप्टनला कळतं, कोण अजून पाण्यात आहे.

विजयाबाई : हेमेंद्रनं मला तो मराठीत समजावला. मी म्हटलं, मेल्या, पालथ्या चपलांनी घरात भांडणं होतात, हा कसला मुलखावेगळा नियम!

रुचिका : आणि तो म्हणाला, आई, आठ दिवस भांडून घेऊ, घरी जाऊन सरळ करू.

विजयाबाई : हं. असंच म्हणाला.

रुचिका : आईसाहेब, पेन धरा. साडेचार झाले.

विजयाबाई : त्या दुपारी मी जप करत बसले होते. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पोरानं आम्हाला क्रोएशियाचा समुद्र दाखवायला नेलेलं. जन्म गेला या दाना ओलीच्या गल्लीत, मी पाणी बघितलं ते नळाचं. आणि तिथे चारी बाजूंना बेटं, एक सरलं की दुसरं. तुम्ही सगळे जेवून आडवे झालेले. मला वाटलं, हेमेंद्रही आत पडला असेल. फार सुखात होते गं मी. पाय मोकळे करायला उठले आणि शिडीकडे गेले.

रुचिका : मग?

विजयाबाई : सात जोड सरळ होते. एक पालथा.

रुचिका : पालथाच होता ना! हेच तर मी म्हणतेय. मग तो माणूस खोटं—

विजयाबाई : माझा हात गेला.

रुचिका : मतलब?

विजयाबाई : साठ वर्षं जसा जातो, तसा गेला. वाकले, सरळ केल्या, ओळीत लावल्या. तेव्हा मनात नियम नव्हता, हेमेंद्र नव्हता, काहीच नव्हतं. परत येऊन जपाला बसले. थोड्या वेळानं कॅप्टन आला. वारा वाढणार होता, बोट पुढच्या बेटाच्या आडोशाला न्यायची होती. त्यानं चपला बोटानं मोजल्या, रुचिका. एक ते आठ. माझ्यासमोर. माझ्याकडे बघून हसला आणि इंजिन सुरू केलं.

(रुचिकाला वाटतं, आपण हे ऐकलंच नाही असं समजून उठून जावं. ती उठत नाही. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत जातो.)

रुचिका : तुम्हाला कधी कळलं?

विजयाबाई : पुढच्या बेटाला लागलो. तू केस बांधत वर आलीस आणि विचारलंस, हेमेंद्र कुठेय? तेव्हा मी त्या रांगेकडे बघितलं.

रुचिका : आणि गप्प बसलात. तीन दिवस लोक त्याला शोधत होते, तुम्ही गप्प. आठ महिने मी त्या माणसाला शिव्या दिल्या. त्याच्या बायकोचे मेसेज न वाचता डिलीट केले. त्या एका गोळीसाठी रोज स्वतःला कोसत राहिले. तुमच्या डोळ्यांसमोर!

विजयाबाई : बघत होते. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वकिलाचा पहिला कागद आला, आणि त्याच दुपारी दारातल्या चपला पालथ्या दिसल्या. मी सरळ केल्या. तासाभरानं पुन्हा पालथ्या. तू फक्त संध्याकाळच्या बघतेस गं. त्याला आईची खोड माहीत आहे. सारखं तेच दाखवतोय मला.

रुचिका : ऐसा मत बोलिए. मला भीती वाटते.

विजयाबाई : मला भीती नाही वाटत, लाज वाटते. तो कागद फाड. दुसरा घे आणि लिही. चपला मी सरळ केल्या. कॅप्टननं त्या मोजल्या होत्या. त्याचा दोष नाही.

रुचिका : बाबासाहेबांना काय सांगायचं?

विजयाबाई : बाड्याच्या बाजारातून येऊ देत, मीच सांगेन. पन्नास वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्यांनी. आज चढवला तर चढवू देत.

रुचिका : मी तुम्हाला माफ करू शकेन की नाही, पता नहीं.

विजयाबाई : मी कुठे मागितलीय माफी? लिही तू.

रुचिका : ...लिहिलं. इथे सही करा. खाली तारीख.

विजयाबाई : ही घे. रुचिका, दाराकडे बघ.

रुचिका : काय?

विजयाबाई : आत येताना तू सरळ केल्या होत्यास ना?

रुचिका : केल्या होत्या.

विजयाबाई : त्यानंतर मी इथून उठले?

रुचिका : नाही. कोणीच नाही उठलं.

विजयाबाई : थांब, मी करते सर—

रुचिका : नको, आईसाहेब. हात लावू नका. तो अजून वर आला नाहीये.