निळं राहिलेलं पान

न्हाई तात्या, माझ्याकडं न्हाई बघायचं, स्क्रीनकडं बघायचं. मदत माझ्या तोंडावर न्हाई, त्या कोपऱ्यातल्या प्रश्नचिन्हात आहे. दाबा. माऊसनं दाबा, बोटानं काचेला कशाला टोचता? उघडलं? हां. आता डाव्या हाताला अनुक्रमणिका — धडा दाबला की त्याच्या पोटातले विषय खाली उघडतात. अन्‌ वर ती पांढरी चौकट, तिथं आपली अडचण लिहायची. लिहा… अहो, ‘रामराम’ कशाला? आत कोणी माणूस बसलेलं न्हाई! ‘रामराम, यंत्र रुसलंय, अंजूला बोलवा’ — मंग ते म्हणणारच ना, काही सापडलं न्हाई म्हणून. मुद्द्याचे दोन शब्द लिहायचे. ‘वजनकाटा बंद’. बास. बघा, आली की न्हाई विषयांची यादी समोर?

हसू नका. काल संध्याकाळी चांगुणाबाईच्या म्हशीचं फॅट कचरू मामाच्या गाईला लावलं तुम्ही, अन्‌ मामा पावती घेऊन पारावर — माझी गाय म्हैस झाली म्हणून! निस्तरलं कोणी? मी. पिठाच्या हातानं पळत आल्ते. अख्ख्या पिंपळगावात दूध डेअरीचा मालक असा एकच असेल, ज्याला स्वतःच्या डेअरीतलं यंत्र पुतणीशिवाय चालत न्हाई.

सोमवारी मला संभाजीनगरला हजर व्हायचंय, तात्या. दुधाचीच प्रयोगशाळा आहे, म्हणजे शिक्षण बी वाया न्हाई जाणार. पण तुम्ही थोरले. तुम्ही जेवता जेवता बोललात — मला यंत्र जमलं की पोरगी मोकळी — अन्‌ पप्पांनी धाकट्या भावासारखी मान हलवली. झालं, ठरलं. मला विचारलं कोणी? तवापासून मी शिकवून राह्यले अन्‌ तुम्ही विसरून राह्यले. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध. म्हशीला सुट्टी न्हाई, मंग मला कुठून असणार? अन्‌ म्हशीचं दावं तरी दिसतं. माझं दिसत बी न्हाई, सोडायचं कुठून? मागं दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला निघाल्ते तेव्हा तर भोकरदनच्या स्टँडवर बसच्या पायरीवर पाय होता माझा. तुमचा फोन — काटा बंद पडला, लोक कॅन घेऊन खोळंबलेत, जल्दी ये. आले. काय झाल्तं? तार निघाली होती. एक तार! ती खोचली अन्‌ नोकरी गेली.

असू द्या. हे रंग समजून घ्या. ज्या विषयाचं पान एकदा उघडलं त्याचं नाव जांभळं होतं, न उघडलेलं निळं राहतं. म्हणजे कुठवर वाचलं ते कळतं. ‘पावती छापणे’ हे जांभळं, काल मी तुमच्यासमोर उघडलं ना, ते. बाकी खाली सगळी निळी, बघा —

थांबा.

‘वजनकाट्याची तार जोडणे.’ जांभळं. ‘गाय-म्हैस नोंद अशी चुकते.’ जांभळं. हे बी. हे बी… मी न्हाई उघडली ही पानं. मला गरजच पडली न्हाई कधी. काकू यंत्राला दसऱ्याला हळदीकुंकू वाहते, तेवढीच शिवते. पप्पा फोनच्या पुढं जात न्हाईत. मंग कोणी वाचलं? चष्मा का काढला तात्या? घाला. इकडं बघा. इथं लिहिलंय, चूक कशी होते ते — अन्‌ काल तशीच झाली, बराबर तशीच, पुस्तकातल्यासारखी. म्हणजे तार निघाली नव्हती. काढली होती.

बोला ना. घर सुनं होईल म्हणून? मंग तसं म्हणायचं! ‘अंजू, जाऊ नको’ — एवढं म्हणला असता तर मी भांडले असते, चांगली खणखणीत भांडले असते तुमच्याशी. तारेशी कसं भांडायचं माणसानं? अन्‌ मी तरी… पायरीवर पायबिय नव्हता माझा. बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता, अन्‌ मी फोन हातात धरून उभी — घरून फोन येईल, काहीतरी बिघडलं असेल. आला. बरं वाटलं मला, तात्या. घरी येईपर्यंत तुम्हाला शिव्या देत आले अन्‌ आतून बरं वाटत होतं… हे कशाला सांगितलं मी? विसरा. तुम्हाला विसरायची सवय आहे.

एकच निळं राह्यलंय बघा, पार शेवटी. ‘वापरकर्त्याचे नाव काढणे.’ हे न्हाई वाचलं तुम्ही. मी वाचते, ऐका. मालकाच्या नावानं उघडा — तुमच्याच नावानं उघडलंय. यादीतून नाव निवडा — रायभान म्हणजे तुम्ही, मंग अंजू. दोनच आहेत. अंजू. काढून टाका. विचारून राह्यलंय, नक्की काढायचं का? बघा, हे तरी विचारतं. हात सोडा तात्या, माझा माऊसवरचा हात सोडा.

होय.

झालं. आता बघा, ते बी जांभळं झालं.

या कचरू मामा, आणा कॅन. न्हाई — माझ्याकडं न्हाई बघायचं. तात्यांना द्या. तात्यांना सगळं येतं.