एमेटमामाचं काम

न्यूयॉर्कमधल्या औषधांच्या दुकानात रांग हलत नव्हती. माझ्या पुढचा म्हातारा आणि त्याच्या पुढची बाई बोलत होते.

“तुम्ही सिनेमात असता ना? परवा न्यायाधीश झाला होतात.”

“असेन. न्यायाधीश, पाद्री, दारूच्या गुत्त्याचा मालक. आयुष्यभर हेच. बहुतेकदा अर्ध्यावर मरतो.”

“नाव नाही हो आठवत.”

“माझ्या एजंटलाही आठवत नाही. बोला.”

“माझी आई तुम्हाला एमेट म्हणते. एमेटमामा म्हणजे तिचा भाऊ. तो वारला, पण तिच्या लक्षात राहत नाही. तुम्ही टीव्हीवर दिसलात की हात हलवते. अन् तुम्ही मेलात, की दोन दिवस सूपलाही तोंड लावत नाही.”

“अरेरे! आणि मी मेला सारखा मरत असतो.”

“म्हणून म्हटलं... कोपऱ्यावरच्याच वृद्धाश्रमात असते ती. एकदा जिवंत दिसलात तर...”

“आज?”

“जाऊ दे. भलतंच बोलले मी.”

“भलतं कसलं? तालमीला वेळ नाही, म्हणून विचारतो. एमेट तिला काय म्हणून हाक मारायचा?”