सहा पलंगांची बस

गुरुवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं. स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत पारनेरच्या टायरच्या दुकानात मी नुसती ऐकत बसले. बोलत होते दुकानदार आदिनाथ आणि एसटीतून निवृत्त झालेले एक तात्या. तात्यांनी जुन्या बसमध्ये फिरतं घर केलं होतं.

“तात्या, टायरं झिजलीत कुठं? नुसती उभ्या जागी तडकलीत.”

“म्हणून तर बदलायचीत. मोठ्या बसची नऊशे-वीस साईजच टाक.”

“वजनाला माणसं किती धरू?”

“सहा. पोरगा, सून, दोन नातवंडं, आमी दोघं. सहा पलंग हायेत, पाण्याची टाकी हाय.”

“शेवटचं कुठं गेल्ते सगळे?”

“अजून आले न्हाईत ते. कॅनडात असत्यात.”

“आन् काकू?”

“ती बी तिकडंच. नातवंडं सांभाळती. पाच वर्षं झाली.”

“मंग पलंग उतरवा की. एकट्याला ल्हान साईज लई झाली. चालवायला बी हलकी.”

“नातू दर रविवारी फोनवर इचारतो, आजोबा, गाडी तयार हाय का?”

“मंग तुमी काय म्हनता?”

“व्हय म्हनतो. ते खोटं पडाया नको. नऊशेच बसव.”