दादाच्या चाकूवरचा चरा

...न्हाई पण मला सांगा, चरा पडला म्हंजी काय गुन्हा केला का? तुमाला सांगतो, आमचा दादा उदयसिंह, मिलिट्रीत हाय, त्यानं मागल्या रजेला मला खिशातला घडीचा चाकू दिला, पातं आसं की त्यात बघून भांग पाडावा, आन म्या काय केलं, तर आमच्या कुंडल गावात विहिरीच्या ज्या पायरीवर सगळी कोयतं घासत्यात तिथं न्हेऊन, पातं आडवं पाडून, कोयत्यागत घासला. धार आली. लय आली. पण पात्यावर... चरंच चरं.

आता दावू कुणाला? आई ताईच्या बाळंतपणाला पाटणला, दोन म्हैनं झालं. बरोबरीची पोरं सगळी कामाला पुण्याला. घरात मी आन म्हस. म्हशीला दावला. तिनं नीट बघितला आन रवंथ करायला लागली.

मग शेजारच्या बनुकाकी आल्या. "आरं, राख लाव की. माझी पितळंची घागर बघ कशी हाय." लावली. तासभर बसल्या, घागरीचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, परत घागरीचं. चरा काय निघाला न्हाई.

मग आप्पासो नाना. रिटायर सुभेदार, समोरच ऱ्हात्यात, एकलंच. कवा कुणाच्या उंबऱ्याला न्हाईत, पण चाकूचं ऐकून आलं. हात मागं बांधून उभं.

"कुठल्या गाढवानं घासला?"

म्हणलं, म्या.

"वाटलंच. आधी धारंला चिकटपट्टी लाव, बोट कापशील. वॉटर पेपर आण, पाण्यात घासायचा पॉलिश कागद. आधी जाड, मग बारीक, मग त्येच्याहून बारीक. पाणी मारत, एकाच दिशेनं. यडपटागत गोल फिरवू नगो."

म्हंजी बघा, मोठा चरा काढायला सगळ्या पात्यावर बारकं चरं पाडायचं, ती काढायला आणखी बारकं... ह्यात निघतंय काय? नाना रोज साडेचारला यायचं. च्या व्हायचा. भिंग लावून म्हणायचं, "हितं हाय आजून एक." आठ दिस. चरा काय निघाला न्हाई, आन म्याबी घाई केली न्हाई.

नवव्या दिशी निघाला. गॅरेजातलं गाड्या चमकवायचं रबिंग लावलं, फडक्यानं पुसलं, आरसाच. नानांनी बघितलं. "बरं," म्हणलं आन गेलं.

दुसऱ्या दिशी साडेचार. च्या दोन कप टाकला. तिसऱ्या दिशीबी दोनच. दोन्ही मीच पिलो. म्हशीला पातं दावलं, तिला त्यात म्हस दिसली, तिला बरं वाटलं आसंल. मला त्यात मीच दिसलो. मला किती येळ बघणार मी?

चौथ्या दिशी गेलो विहिरीवर. पातं आडवं पाडलं, डोळं झाकलं, एकदाच. खर्रर्र. तसाच तोंड पाडून नानांच्या दारात. "नाना, परत चरा पडला वं. कसा पडला काय म्हायती."

नाना माझ्याकडं बघंनात. "ये आत," म्हणलं. टेबलावर त्यांचा पल्टणीतला चाकू, तीस वर्सं कुणाला हात लावू दिला न्हाई त्यो. उघडा. पात्यावर ह्यो एवढा चरा, आन कडंला विहिरीच्या पायरीची भुकटी, आजून वली.

"पडला बाबा," म्हणत्यात. "कसा पडला काय म्हायती."

म्हणलं, पडायचाच. च्या ठिवा, मी पेपर आणतो. आता दोन चाकू हाईत, हुईल सावकाश.