तासभराचं काम

डोळे तपासून घ्यायला दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. नणंद नुकतीच परदेशातून आलेली.

"दादा अजून घरीच?"

"छापखाना बंद पडल्यापासून घरीच."

"म्हणजे बेकारच की."

"तसंही नाही म्हणे. सरकारी पाहणीवाली मुलगी आली होती. गेल्या आठवड्यात तासभर तरी पैसे घेऊन काम केलंत का, म्हणून विचारलं. यांनी पैसे घेऊन शेजारचा पंखा दुरुस्त केला होता. मग तुम्ही बेकार नाही, म्हणाली."

"आमच्याकडेही तसंच मोजतात, वहिनी. मी आठवड्यातून दोन सकाळी ऑफिसं झाडते, तर मीही नोकरदारच."

"तू तर इथे शिकवत होतीस."

"तिकडे ती पदवी चालत नाही."

"म्हणजे दोन्ही भावंडं दोन देशांत कामाला. दृष्ट लागेल गं कोणाची तरी."

"हसू नकोस. आमच्या यांनी इथल्या एका ओळखीच्या गोदामात दादासाठी शब्द टाकलाय. उद्यापर्यंत कळवायचंय. आज विचारते त्याला."

"आज नको."

"का?"

"ती मुलगी गेल्यापासून रोज दाढी करतात. आज वरच्या मजल्यावर मिक्सर दुरुस्त करायला गेलेत. जाताना डबा मागितला."

"वरच्या मजल्यावर जायला?"

"हो."

"मग?"

"दिला भरून. आज विचारलंस तर म्हणतील, मला काम आहे. उद्या सकाळी विचार. उद्या कोणाचं काही बिघडलेलं नाही."