दोन खाचांची पाटी

मालक : म्हणून सांगतो, यात आपल्या हातात काही नव्हतं. तिकडे तेलवाल्या देशांनी हट्टाने तेल रोखलं, इकडे जगभर भाव भडकला. आजकाल तेल हेच हत्यार झालंय.

आत्या : हत्यार उगारलं सात समुद्रांपलीकडे, लागलं माझ्या भावाला. नेम चांगला आहे हो.

मालक : तसं नाही, बाई. बावीस वर्षं होता तो माझ्या पेट्रोल पंपावर. तो गेल्याचं मलाही वाईट वाटतंच.

मुलगी : वाटतंय ना. कागद दोन प्रतींत आणलाय तुम्ही.

मालक : कामगार कार्यालयात द्यायचाय. 'वडील स्वतःच्या मर्जीने शिडीवर चढले.' खाली तुझी सही. बस.

मुलगी : त्या दिवशी कितीदा चढले ते?

मालक : तीनदा. भावच तीनदा बदलला.

मुलगी : तिसऱ्यांदा एकशे दोन.

मालक : हो. आणि भावाच्या पाटीला आकड्यांच्या खाचा दोनच. शंभरी कुणाच्या स्वप्नात होती? तोच म्हणाला, पुढचा एक आकड्याचा पत्रा तारेने बांधतो.

मुलगी : ते आपणहून म्हणाले, का आधी तुम्ही म्हणालात, 'बघ काहीतरी कर'?

मालक : आता शब्द न् शब्द कुठे आठवतोय.

आत्या : सोयीचे तेवढे आठवतात.

मुलगी : शिडी कुणी धरली होती?

मालक : सगळे गाड्या भरत होते गं. रांग पार वळणापर्यंत. आणि पत्रा बांधून झाला होता त्याचा. उतरताना पाय सटकला.

मुलगी : त्या दिवशी विकलेलं तेल आलं कधी होतं?

मालक : ते कशाला आता?

मुलगी : सांगा की.

मालक : झाले असतील आठ-दहा दिवस.

मुलगी : म्हणजे तिकडे रोखायच्या आधीचं. टाकीत जुनं तेल, पाटीवर नवा भाव. रांग सरेपर्यंत पाटी तशीच राहिली असती तर काय बिघडलं असतं?

मालक : सगळेच तसं करतात. धंदा आहे.

आत्या : खरंय. ते मोठ्या नळाचे राजे, तुम्ही छोट्या नळीचे.

मुलगी : करते सही. वर एक ओळ घाला, 'टाकीत तेव्हा जुनंच तेल होतं.'

मालक : असं कुणी लिहितं का?

मुलगी : मग राहू द्या.

मालक : चौकशी लागेल, पोरी.

मुलगी : लागू दे.

मालक : (उठता उठता) एक अडचण होती. त्यांचं तिकडे जुळलं म्हणे, भाव नव्वदीत आलाय. पण पाटीवर अजून एकशे दोनच. गाड्या लांबूनच वळतात. वर चढायला कुणी तयार नाही.

आत्या : तुम्ही चढा. स्वतःच्या मर्जीने.

मालक : माझे गुडघे...

मुलगी : पक्कड न्या बरोबर. बाबा तारेला नेहमी तीन पीळ द्यायचे. नुसत्या हाताने सुटायची नाही.