एकोणचाळीस सरळ भिंती

(आर्किटेक्चर कॉलेजचं मागचं आवार. पहिल्या वर्षाच्या मुलांनी बांधायला घेतलेल्या, गुडघाभर उंचीच्या चाळीस भिंती. विषय शिकवणाऱ्या मॅडम आणि आवार सांभाळणारे मिस्त्री.)

मॅडम: नाही म्हणजे नाही, मिस्त्री. एकोणचाळीस भिंती ओळंब्यात आहेत आणि हिची एकटीची अशी कललीय, जणू शेजारणीच्या कानात काहीतरी सांगतेय. पास कशी करू?

मिस्त्री: एकदा परत बघा, मॅडम.

मॅडम: तीनदा बघितली. बघून बघून माझीच मान वाकडी झाली. पाच वाजता यादी ऑफिसात द्यायचीय.

मिस्त्री: पोरीचं वर्ष जाईल.

मॅडम: जाईल. मला काय आनंद होतोय? पण चार दिवस सगळ्यांना एकच शिकवलं. त्याच विटा, तोच मातीचा गारा. बाकीच्यांना जमलं ना?

मिस्त्री: नाही.

मॅडम: काय नाही?

मिस्त्री: बाकीच्यांनाही जमलं नाही.

मॅडम: अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? समोर उभ्या आहेत भिंती!

मिस्त्री: त्या मी बांधल्यात.

मॅडम: तुम्ही?

मिस्त्री: पोरं दुपारी निघून जातात. गारा ओलाच असतो. विटा उचलायच्या, पुन्हा लावायच्या. सगळ्या नाही, वाकड्या तेवढ्याच. म्हणजे... जवळजवळ सगळ्याच.

मॅडम: थांबा. मला बसू द्या.

मिस्त्री: हिच्यावर नको! त्या पलीकडच्या भिंतीवर बसा. ती भक्कम आहे.

मॅडम: हे यंदाच केलंत?

मिस्त्री: बारा वर्षं झाली.

मॅडम: बारा! म्हणजे माझ्या पुस्तकाच्याही आधीपासून?

मिस्त्री: हो, पुस्तक मागाहून आलं.

मॅडम: मिस्त्री, 'चार दिवसांत भिंत' हे पुस्तक माझी पद्धत म्हणून दुसऱ्या कॉलेजांतसुद्धा लावलंय. मुखपृष्ठावर ज्या भिंतीचा फोटो आहे, ती...

मिस्त्री: ती छान जमली होती. त्या दिवशी गुडघा दुखत नव्हता.

मॅडम: पण का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

मिस्त्री: तुम्ही पोरांकडून भिंती बांधून घ्यायला लागलात, त्या अगदी पहिल्या वर्षी एक भिंत प्राचार्यांच्या बुटावर पडली, आठवतं? ते मला म्हणाले, पुन्हा पडली तर तू आणि तुझी थापी, दोघं गेटाबाहेर. म्हणून पुढच्या खेपेला जरा सरळ करून ठेवल्या. सकाळी तुम्ही आलात, बघितलंत आणि डोळे पुसलेत. म्हणालात, "मिस्त्री, माझी पद्धत खरी ठरली." आता तुम्हीच सांगा, तेव्हा तोंड कसं उघडायचं?

मॅडम: आणि नंतर?

मिस्त्री: नंतर तुमचा सत्कार झाला. मग भाषणं सुरू झाली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मॅडम: बारा वर्षं मूर्ख बनवलंत मला.

मिस्त्री: बनवलं नाही, मॅडम. सांभाळून घेतलं.

मॅडम: हे जास्त लागलं, मिस्त्री. मग हिलाच का नाही सांभाळून घेतलंत?

मिस्त्री: तिने पकडलं ना मला! डबा विसरला म्हणून परत आली, तर मी तिचीच भिंत उचलतोय. म्हणाली, "काका, ठेवा ती वीट." म्हटलं, पोरी, नापास होशील. तर म्हणते, "होईन, पण ती माझी आहे." बाकीच्यांबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. आज तुमच्या टेबलावर तिच्या नावापुढे लाल शाई बघितली आणि राहवलं नाही. घरच्यांनी तिला बजावलंय, एकदा नापास झालीस की बाडबिस्तरा उचलून परत ये. माझं काय, मला कुठेही काम मिळेल.

मॅडम: कुठे आहे ती?

मिस्त्री: हौदापाशी बसवलीय. ए, ये गं इकडे.

मुलगी: मॅडम, काकांना काही बोलू नका ना.

मॅडम: ते माझं मी बघेन. ही भिंत का कलली, सांग.

मुलगी: तिसऱ्या थरापासून बिघडली, मॅडम. सुट्टी व्हायला आली होती, मी घाईघाईत विटा कोरड्याच लावल्या. त्यांनी गाऱ्यातलं पाणी ओढून घेतलं, गारा भुसभुशीत झाला आणि एक बाजू खचली. ते लपवायला वरच्या थरात मी जाड गारा भरला, तेव्हा जास्तच झुकली. लपवलं नसतं तर निभावलं असतं.

मॅडम: हे वर्गात आणखी कुणाला कळलंय?

मिस्त्री: कळणार कसं? त्यांच्या भिंती सकाळी आपोआप सरळ होतात.

मॅडम: तुम्ही गप्प बसा. आणि तू, हे मला आधी नाही सांगावंसं वाटलं?

मुलगी: लेखी पेपरात लिहिलं होतं. तुम्ही शेरा मारलात, "पुस्तकात असं नाही." पाचपैकी अर्धा.

मॅडम: अर्धा कशाचा दिला?

मुलगी: अक्षराचा असेल.

मिस्त्री: मॅडम, पावणेपाच झाले.

मॅडम: कळतं मला घड्याळ. हिला पास करायची तर उरलेले एकोणचाळीस नापास, आणि पहिला नंबर तुमचा. प्राचार्यांना काय सांगू?

मिस्त्री: सांगा, मिस्त्रीने लबाडी केली.

मॅडम: ते फार सोपं आहे, म्हणूनच नको. यादी आज जात नाही. चूक माझी झाली म्हणून सांगते. उद्या सगळ्या भिंती पाडायच्या आणि पोरांनी नव्याने बांधायच्या. तुम्ही स्टुलावर बसायचं, हाताची घडी घालून.

मिस्त्री: पडतील हो.

मॅडम: पडू देत. प्राचार्यांना म्हणावं, चपला घालून या.

मुलगी: मॅडम, माझी पण पाडायची?

मॅडम: तुझी राहू दे. तू पास आहेस.

मिस्त्री: अगं वेडे, आता रडतेस कशाला? मघापासून तर कोरडी ठणठणीत होतीस.

मॅडम: मिस्त्री, उद्या चाळीस जणांपुरत्या विटा काढा.

मिस्त्री: चाळीस कशाला? ही तर सुटली.

मॅडम: चाळिसावी मी. बावीस वर्षं शिकवतेय, आजवर एक वीट लावलेली नाही. हसायचं असेल तर हसून घ्या.

मिस्त्री: हसत नाही. मला माहीतच होतं.

मॅडम: कशावरून?

मिस्त्री: पुस्तक वाचलंय मी.

मॅडम: ...इकडे ये गं जरा. डोळे पूस आधी. मला सांग, विटा किती वेळ भिजवायच्या? पुस्तकातलं सांगू नकोस, ते मीच लिहिलंय.

मुलगी: बुडबुडे थांबेपर्यंत, मॅडम.